घर भरलेलं होतं, तरी पोरं एकटी का पडली?

गडहिंग्लज भागातल्या एका महाविद्यालयात शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलंय: "यंदा समुपदेशन कक्षाची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. कोरोनाच्या काळातल्या विद्यार्थ्यांच्या जुन्या नोंदी चाळताना एक गोष्ट कळत नाही. खटल्याच्या घरातली, आजी-आजोबा, चुलते, भावंडं सगळी अवतीभवती असलेली काही मुलं फार खचलेली दिसतात. उलट कोल्हापुरात खोलीवर अडकून पडलेली दोन-तीन मुलं बऱ्यापैकी सावरलेली दिसतात. घरचा आधार असताना असं का व्हावं? आणि पुन्हा तशी वेळ आली तर कॉलेजनं नेमकं काय करायचं?"

मॅडम, तुमच्या नोंदींत आहे तेच मी त्या दोन वर्षांत रोज ऐकत होते. मी कोल्हापुरात 22 वर्षं समुपदेशन करते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलं कॉलेजची. मार्च 2020 नंतर बरेच महिने हे काम फोनवरच चाललं. एक मुलगी सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून.

चंदगड तालुक्यातली, कोल्हापुरात राजारामपुरीत कॉट बेसिसवर राहणारी. 22 मार्चच्या जनता कर्फ्यूआधी दोन दिवस ती 'आठवड्यात परत येते' म्हणून गावी गेली. गादी, बादली, पुस्तकं सगळं खोलीवर. खानावळीचं 60 जेवणांचं कार्ड होतं, त्यावर 41 खुणा झालेल्या. जूनमध्ये खानावळीच्या काकूंचा फोन आला, "तुझी 19 जेवणं राहिल्यात बघ. पैसे पाठवू, का येतीस?" त्या फोनवर ती हमसून हमसून रडली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. घरी आई होती, आजी होती, जीव लावणारा भाऊ होता. मला तिनं विचारलं, "मॅडम, मी काकूंजवळ का रडले? त्या माझ्या कोण लागतात?"

तुमचा प्रश्नही हाच आहे.

आधार म्हणजे किती माणसं जवळ आहेत, असा हिशोब आपण धरतो. मानसशास्त्रात मिळालेला आधार वेगळा मोजतात आणि जाणवलेला आधार वेगळा. अडचण आली तर मला कुणाकडे तरी जाता येईल, ही मनातली खात्री म्हणजे जाणवलेला आधार, आणि मनाच्या प्रकृतीशी जास्त घट्ट नातं त्याचंच दिसून आलंय. कोहेन आणि विल्स या दोन अभ्यासकांनी 1985 साली मांडलं की असा आधार ताणाचा धक्का माणसापर्यंत पोचण्याआधीच थोडा शोषून घेतो. बैलगाडीला स्प्रिंगचे पाटे बसवले की खड्डा तोच राहतो, हिसका कमी बसतो. पण पाटा ज्या चाकाला आहे त्याच चाकाच्या खड्ड्यात तो कामाला येतो. आधाराचंही तसंच असतं. ज्या जातीचा ताण, त्या जातीचा आधार लागतो.

जेम्स हाउस यांनी 1981 साली आधाराचे चार प्रकार सांगितले. आपल्या भाषेत सांगायचं तर, मायेनं ऐकून घेणं हा एक. हातानं करायची मदत, म्हणजे पैसे, जेवण, सोबत, हा दुसरा. नेमकी माहिती देणं हा तिसरा. आणि चौथा म्हणजे 'तू बरोबर चाललायस' किंवा 'इथं जरा चुकतंय तुझं' असं आपल्या बरोबरीच्या माणसानं सांगणं. लॉकडाऊनमध्ये घरांनी दुसरा प्रकार भरभरून दिला. मुलं उपाशी राहिली नाहीत. मायाही होती. पण परीक्षा होणार की नाही, ऑनलाइन होणार की लेखी, फॉर्मची तारीख कोणती, हे घरात कुणाला ठाऊक असणार? आणि चौथा प्रकार तर घर देऊच शकत नाही. 'माझाही तो विषय राहिलाय रे, बघू पुढच्या वेळी' हे वाक्य वडील म्हणू शकत नाहीत. ते रूम पार्टनरच म्हणतो. कॅन्टीनमध्ये, एसटीत, झेरॉक्सच्या रांगेत मुलं दिवसातून दहा वेळा एकमेकांना जोखून घेत असतात, आणि त्यातून 'मी काही एकटाच मागं नाही' हे त्यांना कळत राहतं. ते एका रात्रीत थांबलं. प्रत्येकाला वाटू लागलं की बाकी सगळ्यांचं नीट चाललंय, गाडी फक्त माझीच अडकली आहे.

खोलीवर अडकलेली तुमची ती दोन-तीन मुलं सावरली, याचं कारण मला यातच दिसतं. त्यांचे हाल झाले असतील, पण ते एकाच वयाच्या, एकाच परीक्षेच्या, एकाच भीतीतल्या पोरांसोबत झाले.

खानावळीच्या काकूंसारख्या नात्यांना समाजशास्त्रात कच्चे धागे म्हणता येईल. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली अशा सैल ओळखींची ताकद दाखवून दिली, ती मुख्यतः नोकरीच्या संदर्भात. मला ती मनाच्या बाबतीतही दिसते. काकू तिच्याकडून काही अपेक्षा ठेवत नव्हत्या. तिच्या रडण्यानं त्या कोलमडणार नव्हत्या. आईपुढे रडलं तर आईला धीर द्यावा लागतो, आणि त्या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस आधीच काठावर होतं. ऊस, दूध, एमआयडीसीतली नोकरी, बँकेचा हप्ता, सगळ्याचीच धाकधूक. समजूतदार मुलं अशा घरात आपलं दुःख गिळतात. माझ्या अनुभवात जास्त खचलेली मुलं प्रेमाच्या घरातली होती, आणि 'घरच्यांना आणखी त्रास नको' हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

कोल्हापूरकरांना हे एका तुलनेतून लगेच कळतं. आपण महापूर पाहिलाय. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट. 2019च्या ऑगस्टमध्ये आणि 2021च्या जुलैमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. 2019ला तालमी-मंडळांची पोरं होड्या घेऊन पाण्यात उतरली, शाळांत भाकरी थापल्या गेल्या, अनोळखी घरांनी दारं उघडली. त्या महिन्यात माझ्याकडे आलेली मुलं दमलेली होती, घाबरलेली होती, पण 'माझा काही उपयोग नाही' असं म्हणणारं जवळपास कुणी नव्हतं. संकटात माणसं जवळ येतात, हीच आपल्याकडची रीत. कोरोनानं ती रीतच मोडली, कारण त्यात जवळ येणं हेच संकट होतं. ज्या पोरानं 2019ला शेजारच्या म्हाताऱ्याला पाठीवर घेऊन बाहेर काढलं, त्यालाच 2020मध्ये सांगितलं गेलं की तुझ्यामुळं तो म्हातारा मरेल. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या मनावर हे किती मोठं ओझं होतं, याची आपण पुरेशी दखल घेतली नाही, असं मला आजही वाटतं. 'सामाजिक अंतर' हा शब्दही घात करणारा होता. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2020मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली, पण आपल्या तोंडी पहिलाच शब्द बसला, आणि पुष्कळ घरांनी तो शब्दशः पाळला.

2021च्या जुलैत तर दुसरी लाट पुरती ओसरलेली नव्हती आणि पुराचं पाणी आलं. त्या आठवड्यात एका मुलाचा फोन आला, आवाजात कितीतरी महिन्यांनी धार होती. तो गावातल्या शाळेत स्थलांतरितांच्या याद्या करत होता. 'मॅडम, आज सकाळी सहाला उठलो,' म्हणाला. त्याआधी तो दुपारी बारापर्यंत अंथरुणात असायचा. औषधं चालू होती, बोलणं चालू होतं, त्याचा उपयोगही होत होता. पण त्याला उठवलं ते कुणालातरी आपली गरज असल्याच्या जाणिवेनं. हे मी मुद्दाम सांगते, कारण कॉलेजं विद्यार्थ्याला आधार द्यायचा विचार करतात आणि त्याच्याकडून आधार मागायचं विसरतात. राष्ट्रीय सेवा योजनेचा गट तुमच्याकडे असेलच. मास्क लावून, अंतर ठेवून करण्यासारखी कामं त्या काळातही पुष्कळ होती.

मुलींचं दुःख वेगळ्या घाटाचं होतं. घरी आली म्हणजे कामाला हात आला, असंच घरानं धरलं. सकाळचा स्वयंपाक, धुणं, मग भावाचा ऑनलाइन तास, आणि मोबाइल एकच असेल तर तो आधी भावाकडं. त्यात स्थळं बघणं सुरू झालं, कारण लग्न थोडक्यात उरकायची सोय झाली होती. अशा घरात मुलगी फोनवर मोकळी बोलेल कशी? गाय-म्हशींना वैरण घालायच्या वेळी गोठ्यातून बोलणाऱ्या मुली मला आठवतात, मागून म्हशीचं रेकणं ऐकू यायचं. एक मुलगा दोन्ही वेळचं दूध डेअरीवर घालायला आपणहून जायचा, कारण तेवढाच अर्धा तास त्याचा स्वतःचा. संध्याकाळी दूध घातलं की डेअरीच्या मागच्या भिंतीला टेकून तो मला फोन करी. पावसाळ्यात वीज गेली, रेंज गेली, की आमचं बोलणंही गेलं. शाहूवाडी, गगनबावडा, आजऱ्याच्या वाड्यांवर हे नेहमीचंच.

आणि मृत्यू. दुसऱ्या लाटेत ज्यांनी आई किंवा वडील गमावले त्या मुलांसाठी मी अजूनही योग्य शब्द शोधते आहे. आपल्याकडं तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं, भावकी गोळा होते, पुढे दहा-बारा दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. तेच तेच बोलून, तेच तेच ऐकून माणसाला गेलेल्याचं जाणं खरं वाटू लागतं. ते झालंच नाही. कित्येकांनी चेहरासुद्धा पाहिला नाही. त्यात ही मुलं वयाच्या विचित्र कडेवर होती. केंद्राची अनाथ बालकांसाठीची योजना 18 वर्षांखालच्यांसाठी. एकोणिसाव्या वर्षी आई-वडील गेलेला मुलगा कागदावर मोठा होता, आणि धाकट्या बहिणीचा पालकही. तुमच्या नोंदींत अशी मुलं असतील तर ती पास होऊन गेली असली तरी त्यांना फोन करा. उशीर झाला म्हणून हा फोन वाया जात नाही.

आकड्याचं एकच सांगते. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च 2022मध्ये सांगितलं की साथीच्या पहिल्या वर्षात जगभर चिंताविकार आणि नैराश्याचं प्रमाण 25 टक्क्यांनी वाढलं, आणि तरुणांना व स्त्रियांना त्याची झळ जास्त बसली. तेव्हा तुमची मुलं कमकुवत होती, असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. या मुलांनी परीक्षांची अनिश्चितता भोगली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या की नाही यावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 28 ऑगस्ट 2020ला आला, तोवर रोज नवी बातमी. फेब्रुवारी 2021मध्ये महाविद्यालयांची दारं जरा किलकिली झाली आणि मिटली, ती पुन्हा उघडली 20 ऑक्टोबर 2021ला. वर 'कोरोनाची डिग्री' हा टोमणा. घरी बसून पास झाला म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलाला त्यानंतर तीन तासांचा लेखी पेपर लिहायला बसवलं तर त्याचा हात का थरथरतो, हे वेगळं सांगायला नको.

आता कॉलेजनं काय करायचं. साथ येवो न येवो, यातलं बरंचसं आत्ताच सुरू करण्यासारखं आहे. संकट आल्यावर नातं जोडायला गेलं तर ते जोडलं जात नाही.

प्रत्येक प्राध्यापकाकडे पंधरा-वीस मुलं वाटून द्या, आणि महिन्यातून एक फोन असा करा की त्यात हजेरी, फी, असाइनमेंट यातलं काही नसेल. पहिले दोन फोन अवघडच जातात. मुलं 'हो सर, बरंय सर' करून ठेवतात. तिसऱ्या-चौथ्या फोनला मूल बोलतं, कारण तोवर त्याला कळलेलं असतं की हा माणूस कामाशिवायही फोन करतो. खात्री अशीच तयार होते. फोन लागल्यावर आधी विचारा, "आत्ता बोलता येतंय का?" घरचे जवळ असतील तर 'हो-नाही'त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा, आणि त्याच्या सोयीची वेळ त्यालाच ठरवू द्या. वैरणीची असो वा डेअरीची.

मुलांच्या आपसातल्या जोड्या लावा, त्याही गावं बघून. एकाच एसटीनं येणारी दोघं असली तर उत्तम. बंद काळात त्यांना निदान शेतातल्या अंतरावरून भेटता येईल. या जोडीदाराला समुपदेशक करू नका. त्याला तीनच गोष्टी शिकवा: मध्ये न बोलता ऐकायचं, सल्ला द्यायची घाई करायची नाही, आणि जिवाच्या धोक्याची गोष्ट कानावर आली तर 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द द्यायचा नाही.

प्रश्नावल्यांबद्दल मात्र मी फार आग्रही आहे. पीएचक्यू-9 ही नैराश्याची चाळणी सोपी आहे, गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, गुण 0 ते 27, आणि 10 किंवा त्यापुढे गेले की नीट तपासणी करायची. ती निदान करत नाही. तिचा नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. आठशे मुलांना गूगल फॉर्म पाठवायचा आणि उत्तरं पंधरा दिवसांनी एक्सेलमध्ये बघायची, हे लॉकडाऊनमध्ये अनेक ठिकाणी झालं. एखाद्या मुलीनं रात्री अकरा वाजता नवव्या प्रश्नाला 'जवळजवळ रोज' असं उत्तर दिलं, तर ते त्याच दिवशी कोण वाचणार? हे ठरलेलं नसेल तर फॉर्म पाठवूच नका. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कुठलंही उत्तर आलं तर त्याच दिवशी माणसानं बोललं पाहिजे, एकूण गुण कितीही कमी असले तरी. आधार मोजायचा असेल तर झिमेट यांची 1988ची बारा प्रश्नांची मोजपट्टी वापरा. ती घर, मित्र आणि एखादी खास व्यक्ती असे तीन भाग वेगळे दाखवते. बेरीज करून थांबू नका, तिन्ही आकडे वेगवेगळे बघा. तुमच्या कोड्यातली मुलं तिथं लगेच दिसतील, घराचा आकडा वर आणि मित्रांचा तळाला.

थेट विचारायला कचरू नका. "मरून जावं असं मनात येतं का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून मूल सुटकेचा श्वास टाकतं, हे मी शेकडो वेळा ऐकलंय. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरातल्या एका विश्वासाच्या माणसाला त्याच्या देखत सांगा, शेतावरची फवारणीची औषधं कुलपात ठेवायला लावा, आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. कोल्हापुरात सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022पासून चोवीस तास चालू आहे, मराठीतही बोलता येतं. हा नंबर वर्गाच्या फळ्याशेजारी, मुलींच्या खोलीत आणि वसतिगृहाच्या जिन्यात लावा. प्राचार्यांच्या दालनाबाहेर लावला तर तो कुणी वाचत उभं राहणार नाही. समुपदेशन कक्षाची जागाही तशीच निवडा. ग्रंथालयाला लागून खोली मिळाली तर मूल पुस्तक बदलायला आलोय म्हणून सहज आत येतं.

आणि खानावळी, वसतिगृहं यांच्याकडे आधाराची यंत्रणा म्हणून बघा. हे कोल्हापूरला कुणी शिकवायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी 1901मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढे एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली, म्हणून या गावाला वसतिगृहांची जननी म्हणतात. फक्त छप्पर द्यायचं असतं तर धर्मशाळाही चालली असती. खेड्यातून आलेल्या पोराला बरोबरीची पोरं मिळावीत, हेही त्यातून साधलं. साथीत वसतिगृह रिकामं करावं लागलं, तरी रेक्टरनं त्या मजल्यावरच्या मुलांचा गट फोनवर टिकवून ठेवायला हवा. खानावळवाल्या काकूंकडे मुलांचे नंबर असतात, कोण जेवायला येईनासं झालं हे त्यांना शिक्षकांच्या आधी कळतं. त्यांना वर्षातून एकदा कॉलेजात बोलवा, मान द्या, आणि तुमचा नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा.

शेवटचा मुद्दा तुम्ही विचारला नाहीत, पण विचारणार आहात: फोनच न उचलणाऱ्या मुलाचं काय? तीन दिवसांत तीनदा लागला नाही तर त्याच्या जोडीदाराला विचारा. तरी पत्ता लागला नाही तर गावात जा, कॉलेजचा बोर्ड लावलेली गाडी न घेता. ग्रंथालयाचं एखादं पुस्तक सोबत न्या आणि ते द्यायला आलोय असं सांगा. चहा येईल, घरचे बोलतील, तुम्ही ऐका. निघताना मुलाला फाटकापर्यंत सोबत यायला सांगा. तेवढ्या वीस पावलांत तो काय बोलतो, ते लक्ष देऊन ऐका.